तेरचे विटांचे देऊळ

श्रोतेहो, देवळात गेलो की आपण समोर पाहतो. हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि बाहेर पडतो. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला त्रिविक्रमाच्या दर्शनाला गेलात, तर माझे एक ऐका. दर्शन झाल्यावर देवळाच्या मागल्या बाजूला जाऊन उभे राहा. तिथे कोपरे सापडत नाहीत. भिंत गोल वळत जाते, घोड्याच्या नालेसारखी. वर पाहाल तर शिखर नाही, टपाच्या गाडीसारखे पाठ फुगलेले छप्पर आहे. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात अशा आकाराला गजपृष्ठ म्हणतात, म्हणजे हत्तीची पाठ. नाव किती नेमके आहे, ते पाहिल्यावर पटते.

हा आकार आला कुठून? कार्ले, भाजे, अजिंठा इथली चैत्यगृहे पुष्कळांनी पाहिली असतील. लांबट दालन, शेवटी अर्धगोल भाग आणि त्यात स्तूप. स्तूप गोल, त्याला प्रदक्षिणाही गोल, म्हणून भिंतही गोल. ती लेणी डोंगरात कोरलेली, म्हणून टिकली. पण तीच इमारत सपाट जमिनीवर लाकडाने किंवा विटांनी बांधली, तर ती पडते, जळते, लोक तिच्या विटा नेतात. म्हणून उभी राहिलेली अशी वास्तू फार दुर्मिळ. आंध्रात चेझर्ला येथे कपोतेश्वराचे देऊळ याच घाटाचे आहे. युरोपातल्या अनेक चर्चमध्येही वेदीकडचे टोक असेच अर्धगोल असते. तो वारसा रोमन लोकांच्या सभागृहांचा. दोन्हीकडचे कारागीर वेगवेगळ्या वाटांनी एकाच आकाराला पोचले.

आता छप्पर पाहा. विटेचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवायचा. दोन्ही बाजूंचे थर असे चढत चढत वर एकमेकांना भेटतात. गुरुजी, वर्गात मुलांना काड्यापेट्या देऊन हे करून दाखवा. थर जास्त सरकवला की डोलारा कोसळतो. किती सरकवावा, हे हाताला कळावे लागते. पुढचा सपाट छताचा मंडप मात्र नंतरचा आहे.

हे देऊळ इथेच का? कारण तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जाते, असे तो सांगतो. तगर म्हणजेच आपले तेर, हे १९०१ साली फ्लीट यांनी मांडले. पुढे पुराणवस्तू खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात हेन्री कझेन्स यांनी या देवळाचे वर्णन केले. मूळचे हे बौद्ध चैत्यगृह, पुढे ते विष्णूकडे आले, असे त्यांचे मत. ते पहिल्यापासूनच वैदिक परंपरेचे असावे, असे दुसरे काही म्हणतात. नुसत्या आकारावरून निकाल लागत नाही, कारण हा आकार सर्वांनीच वापरला.

माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. हे देऊळ टिकले, कारण ते वापरात राहिले. दिवा लागत राहिला, झाडलोट होत राहिली, म्हणून कुणी त्याची वीट काढली नाही. गावाच्या पांढरीत उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. तो स्तूप ओस पडला आणि मातीत गेला. एकाच गावची वीट, पण नशीब दोन तऱ्हांचे.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे, हे थापटून पाहणारा तो संत. त्यांच्या गावात तरी भाजल्या मातीची किंमत सांगावी लागू नये! पण पांढरीची माती शेतात टाकायला न्यावी, जुनी वीट चुलीला लावावी, ही सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. त्या मातीबरोबर मणी, नाणी, मूर्ती जातात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जन्मभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जुळणारी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेतून १९३८ साली निघाली, यावरून इथल्या मातीचे मोल ओळखा.

तेव्हा शेतात, पांढरीत जुनी वीट लागली, तर ती हलवू नका. जागा लक्षात ठेवा आणि शाळेत किंवा संग्रहालयात कळवा. आणि गुरुजी, सहल नेलीत तर मुलांना देवळाच्या मागे नक्की न्या.