कागदावर सही, धुऱ्यावर झाड
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रोही-डुकरांनी ज्यांची ज्वारी झोपवली, त्यांच्यापुढे माकडे वाचवण्याची गोष्ट सांगायला मलाही जड जाते. पण ही गोष्ट सातबाऱ्याचीही आहे, म्हणून सांगतो.

मध्य अमेरिकेत बेलीझ नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या बेलीझ नदीच्या काठी काळे हाउलर माकड राहते. गावकरी त्याला बबून म्हणतात. पाला, फुले, फळे खाते, झाडावरून क्वचितच उतरते. शेतकरी रान तोडून, जाळून पीक घेत. काहींनी गुरांसाठी कुरणे केली. मधले रान तुटले की कळप एका तुकड्यात अडकतो.

जमीन शेतकऱ्यांची. अभयारण्य म्हणून सरकारने ती घेतली असती, तर माणसे उठली असती. १९८५ साली रॉबर्ट हॉरविच हे अमेरिकन अभ्यासक बर्मुडियन लँडिंग गावच्या शेतकऱ्यांशी बोलले. १२ जमीनधारकांनी सह्या केल्या. नदीकाठचा झाडोरा तोडायचा नाही. माकडांच्या खाण्याची उंबरासारखी झाडे ठेवायची. धुऱ्यावर झाडांची ओळ सोडायची, म्हणजे कळपाला इकडून तिकडे जाता येते. शब्द मोडला तर दंड नाही, कोर्ट नाही. जमीन मालकाचीच! काठ ढासळत नाही, माती वाहून जात नाही, हा शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा. पुढे सात गावांतले शंभरावर जमीनधारक आले. माकडे इतकी वाढली की १९९२ ते १९९४ मध्ये त्यांतली ६०हून अधिक कॉक्सकोंबच्या रानात नेऊन सोडली. तिथली पूर्वीच संपली होती.

सगळे गोड नाही. पाहुण्यांचा पैसा थोड्याच घरांत गेला, काही ठिकाणी तोडही चालू राहिली. सही करणाऱ्याच्या पदरात काय, हा प्रश्न तिथेही उरलाच. शिवाय ते माकड पाला खाणारे. आपल्याकडची माकडे तुरीच्या शेंगा सोडत नाहीत, तेव्हा त्यांची नक्कल आपल्याला जमणार नाही.

मला पटली ती सही. आपल्याकडे वावरात आपोआप साग उगवला, तर पुढे परवानगीची कटकट नको म्हणून रोपटेच उपटणारे शेतकरी मी पाहिले आहेत. मी कृषी पदवीधर, त्यांना काय सांगणार?

पुढच्या बैठकीला येताना आपल्या नाल्याच्या काठी कोणाच्या वावरात किती झाडे उभी आहेत, तेवढे मोजून आणा. ती का ठेवली, हेही त्या मालकाला विचारून या.