आपल्याच भूमीत परका



६ डिसेंबर ही तारीख आपल्या काळजावर कोरलेली आहे. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली याच तारखेस, फ्रान्झ फॅनन नावाचा एक काळा डॉक्टर वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तला. वैद्यकी शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी त्याचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

फॅननचा जन्म १९२५ साली फ्रेंच अंमलाखालील मार्टिनिक बेटावर झाला. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्ससाठी लढला, जखमी झाला. त्याला शौर्यपदकही मिळाले. परंतु त्याच फ्रान्समध्ये लोकांना त्याची कातडी तेवढी दिसे! लियों येथे वैद्यकी शिकता शिकता तो मनोविकारशास्त्राकडे वळला.

त्या काळी उत्तर आफ्रिकेतील मजूर पोटासाठी फ्रान्समध्ये येत. दवाखान्यात ते सर्वांगाच्या वेदना सांगत. तपासणीत काही आढळले नाही की डॉक्टर म्हणत, ‘हा आळशी आहे, ढोंगी आहे.’ १९५२ साली एका निबंधात फॅननने या वृत्तीवर कठोर प्रहार केला. ज्याला घर नाही, आप्त जवळ नाहीत, रस्त्यात मान नाही, त्याची व्यथा एकाच अवयवात कशी सापडावी?

पुढे सां-आल्बां येथील रुग्णालयात त्याला फ्रान्स्वा तोस्केल हे गुरू लाभले. ते स्वतःच स्पेनमधून परागंदा झालेले निर्वासित होते. रुग्णाला बरे करावयाचे तर आधी रुग्णालय बरे केले पाहिजे, ही त्यांची शिकवण. १९५३ साली फॅनन अल्जीरियातील ब्लिदा येथे गेला. तेथे सामुदायिक उपक्रमांनी युरोपीय स्त्रिया सुधारू लागल्या. मुसलमान पुरुष मात्र उदासीनच राहिले. दोष रुग्णांचा नव्हता, परक्या रीतीचा होता. मग रुग्णालयात त्यांच्या रिवाजाचे कॉफीगृह आले, त्यांचे सण आले, आणि माणसे बोलू लागली.

परंतु रुग्णालयाबाहेर गुलामगिरी कायम होती. जी राजवट माणसाला आपल्याच भूमीत परका करते, तिची चाकरी करीत मने कशी बरी करावीत? १९५६ साली त्याने राजीनामा दिला.

आपल्याच भूमीत परके असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. मला मातृभूमी नाही, असे बाबासाहेबांनी १९३१ साली गांधीजींना सुनावले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्याला जे दिले, त्यात मनाचा ताठ कणा हे पहिले दान होते. भगवान बुद्धांनीही मनालाच अग्रस्थान दिले आहे.

आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु हक्क कागदावर राहिला तर त्याने कोणाची झोप परत येत नाही. गाव सोडून शहरात नव्याने आलेला आपला मजूर जेव्हा ‘सगळे अंग दुखते’ म्हणतो, तेव्हा त्याच्या भाषेत त्याचे ऐकणारा, त्याच्यावर विश्वास ठेवणारा डॉक्टर हवा. तरुणांनो, या शास्त्राकडे वळा. दुःख आहे, हे मान्य करणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.

जय भीम!