खेळातले शब्द टिपून ठेवा

मोबाइलवर खेळताना पोरं ओरडतात, ‘अरे, रिव्हाइव्ह दे!’, म्हणजे मला पुन्हा उभं कर, आणि आपण वैतागून खोलीचं दार लावतो. माझं मागणं एवढंच आहे, की दार लावण्याआधी तो शब्द वहीत उतरवा. शब्द, गाव, साल.

हे शब्द फार लवकर जातात हो. व्हिडिओ पार्लरमधली पोरं ‘एक लाइफ दे ना’ म्हणून मागे लागायची. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा 1993 चा खेळ. हे लांबलचक नाव कोण घेणार? खेळातल्या एका गड्यावरून तो सगळ्यांचा ‘मुस्तफा’ झाला. आता ती पार्लरं उठली आणि तिथली बोली कुणी टिपलीच नाही.

शब्दांचं विरजणासारखं असतं. चमचाभर शेजारून आणायचं. दही मात्र आपल्या दुधाचं लागतं. ‘पब्जी’ या मोबाइलवरच्या खेळात मेलेल्या गड्याच्या सामानाचा खोका उरतो. हिंदीत त्याची ‘पेटी’ झाली आणि आपली पोरं ‘दोन पेट्या पाडल्या’ म्हणू लागली. ‘पब्जी’वाला जिंकला की ‘चिकन डिनर’. साध्या फोनवरही चालणाऱ्या ‘फ्री फायर’चा गडी जिंकला की ‘बूयाह’. एका गल्लीत दोन भांड्यांतलं दही! 2 सप्टेंबर 2020 ला ‘पब्जी’वर बंदी आली, 2021 मध्ये खेळ नवं नाव घेऊन परतला, तरी पोरांच्या तोंडी ‘पब्जी’च. ते विरजण टिकलं. पण सगळं दही खाऊन भांडं घासून ठेवलं, तर उद्या लावणार कशाने? म्हणून पुन्हा सांगतो, थोडं बाजूला काढा. लिहून ठेवा.

लिहिल्याने काय होतं, ते बघायला विटीदांडूच्या मोजणीतलं ‘वकट, लेंड, मूंड’ घ्या. गावोगाव ते वेगळं ऐकू येतं. त्याचं तेलुगू आकड्यांशी नातं जोडता येतं, कारण कुणीतरी ते वेळेवर कागदावर आणलं.

आज जेवताना नातवाला विचारा, ‘बॉट’ कुणाला म्हणतोस रे? कच्च्या गड्याला, म्हणेल, आणि हसेल. हसू द्या. लिहा. शब्द, गाव, साल. आणि लहानपणी तुम्ही ‘लिंबूटिंबू’ कुणाला म्हणायचात, तेही त्याच पानावर त्याच्याच हातून लिहून घ्या.