प्रकाशाची साथसंगत

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी निवृत्त शिक्षकाने उपदेशाचे दोन शब्द सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज उपदेश बाजूस ठेवून मी एका नव्या विद्येची ओळख करून देणार आहे आणि शेवटी आपणांपाशी एक मागणे मागणार आहे. आपल्या शिक्षणनिधीकडे यंदा आलेल्या अर्जांपैकी एक अर्ज निर्णयावाचून राहिला आहे. आपल्याच एका कुटुंबातील कन्येस जिवंत दृश्यसादरीकरणाची कला शिकावयाची असून त्यासाठी तिला साहाय्य हवे आहे. ही विद्या म्हणावी की करमणूक, असा प्रश्न समितीस पडला व त्याचा शोध घेण्याचे काम तिने मजकडे सोपविले. त्या शोधाचे फलित आपल्यापुढे ठेवतो.

संगीताची मैफल, नृत्य किंवा नाटक चालू असताना, त्याच क्षणी, पाठीमागील पडद्यावर अथवा भिंतीवर प्रकाशाने चित्रे उमटवावयाची आणि एखादे वाद्य वाजवावे तशी ती हाताने चालवावयाची, असे ह्या कलेचे स्वरूप आहे. ती सादर करणाऱ्यास ‘व्हीजे’ म्हणतात. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्या निवेदकांनाही हेच नाव पडले, त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. आपण ज्या व्हीजेविषयी बोलत आहोत, तो सहसा प्रेक्षकांना दिसतही नाही. चित्रपट एकदा तयार झाला की प्रत्येक खेळास तोच दाखविला जातो. येथे मात्र गायकाने आज जागा वेगळी घेतली, तर चित्रानेही वेगळे वळण घेतले पाहिजे.

ही कल्पना परकी आहे, असे कोणी समजू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून, गाऊन व वाद्ये वाजवून कथा सांगत आले आहेत. त्या परंपरेचे कलावंत श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ केले. दिव्याच्या प्रकाशात पुराणकथा पडद्यावर उमटत आणि जोडीला निवेदन असे. चित्रपटगृहे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. असा जादूचा दिवा युरोपात ह्यूजेन्स ह्या शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास बनविला होता. पुढे १७९८ मध्ये पॅरिसला रॉबर्टसनने तोच दिवा चाकांवर बसवून पडद्याच्या पाठीमागे पुढेमागे नेला, तेव्हा आकृत्या लहानमोठ्या होऊन अंगावर येऊ लागल्या.

दूरचित्रवाणी आल्यावर ह्याच प्रवाहाला नवा फाटा फुटला. नाम जून पाइक व शुया आबे यांनी १९६९-७० च्या सुमारास चालत्या चित्राचे रंग व आकार तत्काळ बदलणारे यंत्र बनविले. शिकागोच्या डॅन सँडिन यांनी १९७० नंतरच्या दशकात असेच यंत्र सिद्ध केले आणि त्याचे आराखडे स्वतः बांधू इच्छिणाऱ्यास खुले केले. आज तेच कार्य लॅपटॉपवर होते. त्यासाठी ‘रेझोल्यूम’सारखी विकत मिळणारी साधने आहेत, तसेच ओलिव्हिया जॅक यांनी निर्मिलेले ‘हायड्रा’ हे विनामूल्य साधनही आहे. हायड्रामध्ये आज्ञा लिहिताक्षणी चित्र बदलते. म्हणजे गरीब घरच्या मुलासही आरंभ करण्यास द्रव्याची अडचण फारशी नाही. अडचण असते ती सरावासाठी जागा, मोठा प्रोजेक्टर आणि जाणता मार्गदर्शक यांची.

आता शिक्षणाचा क्रम पाहू. आपल्या वाडवडिलांनी कातरी-सुईवर संसार केले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. प्रथम कापड जमवावे लागते. पाण्यावरचे तरंग, वाऱ्याने हलणारा पडदा, शिवणयंत्राची खालीवर होणारी सुई अशी छोटी दृश्ये विद्यार्थ्याने स्वतः टिपावयाची आणि ती अशी बेतावयाची की शेवट आरंभाला बेमालूम जुळावा. अशा तुकड्यास ‘लूप’ म्हणतात. दुसरी पायरी थरांची. कापडाला अस्तर लावावे तसे एका दृश्यावर दुसरे ठेवून वरचे कितपत पारदर्शक करावयाचे, हे सरकपट्टीने ठरवितात. तिसरी पायरी मापाची. मंदिराच्या कमानीवर किंवा वाड्याच्या भिंतीवर चित्र पाडताना प्रत्येक कोनाडा व खांब मोजून प्रकाश तेवढ्याच आकारात कापावा लागतो. अंगाचे माप न घेता सदरा शिवणारा कारागीर येथेही फजीत पावेल!

चौथी पायरी लयीची, आणि येथे आमचे शाळेतील अंकगणित कामी येते. संगीत मिनिटास १२० ठोक्यांचे असेल, तर एका ठोक्यास अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला ३० चित्रे सरकत असतील, तर १६ ठोक्यांचे आवर्तन ८ सेकंदांत, म्हणजे २४० चित्रांत पुरे होते. परंतु लय वाढून १२५ झाली, की तेच आवर्तन ७.६८ सेकंदांत संपते. चित्राची गती तीच ठेवली, तर तीन आवर्तनांत ते जवळजवळ एक सेकंद, म्हणजे दोन ठोके मागे पडते. नृत्यगृहातील यंत्रसंगीताची लय स्थिर असते, म्हणून तेथे यंत्रावर भिस्त ठेवता येते. आपल्या मैफलीत लय विलंबितातून द्रुताकडे चढत जाते. तेथे कलावंताने तबलजीच्या हाताकडे लक्ष ठेवून, कळीवर बोटाने ठेका देत, यंत्रास लय शिकवावी लागते. सदर कन्येने तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, हे तिच्या अर्जात एका ओळीत लिहिले आहे. माझ्या मते ती ओळ सर्वांत महत्त्वाची आहे.

पाचवी आणि सर्वांत कठीण पायरी संयमाची. उत्तम साथीदार गायकाला झाकीत नाही. गायक आलापीत रमला असता पडद्यावर रंगांची धावपळ करणे हा अविनय होय. अशा वेळी पडदा काळा ठेवण्याचे धैर्य असावे लागते, आणि ते यंत्राबरोबर विकत मिळत नाही. रियाझाने व जाणत्यांच्या सहवासानेच अंगी बाणते. ज्या व्यवसायास शिस्त आहे, गणित आहे, परंपरा आहे आणि विनय आहे, त्यास विद्या म्हणू नये तर काय म्हणावे?

तथापि, एकच बाजू सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या व्यवसायात दरमहा ठराविक वेतन क्वचित मिळते. काम बहुधा रात्रीचे, प्रवासाचे आणि मोठ्या आवाजाजवळचे असते. म्हणून कानांस संरक्षण हवे. सेकंदाला तीनहून अधिक वेळा लखलखणारा प्रकाश काही अपस्मारी रुग्णांस झटका आणू शकतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच शिकावे. दुसऱ्याची चित्रे त्याच्या अनुमतीवाचून वापरू नयेत. आणि मुलीच्या मातापित्यांनी रात्रीच्या कामाविषयी दाखविलेली काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती दूर करण्याचा मार्ग सोबत व व्यवस्था हा आहे, शिक्षण थांबविणे हा नव्हे.

आता माझे मागणे. आपल्या निधीच्या अर्जात वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य असे रकाने आहेत. कलेचा रकाना नाही. निधी स्थापन करणारी पिढी हातांच्या कौशल्यावर जगली, आणि तिच्याच पैशातून हाताच्या विद्येस स्थान नसावे, हे शोभत नाही. म्हणून तीन सूचना करतो. एक, अर्जात ‘कला व कारागिरी’ असा रकाना घालावा. दोन, अशा अर्जदाराची परीक्षा कागदी गुणांवर न घेता त्याने समितीपुढे दहा मिनिटे आपली कला प्रत्यक्ष सादर करावी. तीन, आपल्या सभागृहातील प्रोजेक्टर वर्षातून दोनचार कार्यक्रमांपुरता बाहेर निघतो. तो इतर दिवशी संध्याकाळी दोन तास, जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांस सरावासाठी मिळावा. ह्या तिसऱ्या सूचनेस विजेच्या देयकापलीकडे फारसा खर्च नाही. देखरेखीसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी मी स्वतः येण्यास तयार आहे.

ह्या कन्येस यश मिळेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. परंतु तिचा अर्ज केवळ रकाना नाही म्हणून पडून राहिला, असे पुढील वर्षीच्या अहवालात लिहिण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढीच नम्र विनंती करून आणि सर्व गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन करून मी आपली रजा घेतो.