सात वर्षांची रिकामी गादी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला शिंदे घराण्याची नामावळी नव्याने सांगावी लागत नाही. राणोजी, जयाप्पा, जनकोजी, महादजी, दौलतराव, असे आपण एका दमात म्हणतो. मात्र जनकोजी आणि महादजी या दोन नावांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतराविषयी आज दोन शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

१७५५ च्या जुलैत नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दग्याने खून झाला. सरदारीची वस्त्रे जनकोजीच्या पोरवयाच्या खांद्यावर आली. कारभार व तलवार चुलते दत्ताजींनी सांभाळली. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. जनकोजी त्याच लढाईत जखमी झाले. पुढे वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर ते शत्रूच्या हाती सापडले. बर्खुर्दारखानाच्या छावणीत ते कैदेत असता त्यांना द्रव्य देऊन सोडविण्याची बोलणी चालली होती. परंतु नजीबखानास सुगावा लागला आणि प्रकरण अंगाशी येईल या भयाने त्या तरुणाला गुप्तपणे ठार करण्यात आले. साडेपाच वर्षांची सरदारी अशी संपली. तुकोजीही त्याच रणात पडले होते.

राणोजींच्या पुत्रांपैकी आता महादजी तेवढे उरले. पायाला कायमची दुखापत झालेली, राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचविलेले. पण त्यांच्या हक्काला एक मोठी अडचण होती: ते राणोजींच्या विवाहित पत्नीचे पुत्र नव्हते. पुण्यात माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात कारभाराची ओढाताण चालली होती, आणि शिंद्यांची सरदारी त्या ओढाताणीतले एक प्यादे झाली. १७६३ च्या नोव्हेंबरात केदारजींना वस्त्रे मिळाली. १७६४ च्या जुलैत ती मानाजी फाकडे यांच्याकडे गेली. १८ जानेवारी १७६८ रोजी अखेर महादजींची सरदारी मान्य झाली.

मध्ययुगीन डेन्मार्कात ११४६ मध्ये एरिक राजाने गादी सोडल्यावर स्वेन, क्नूद आणि वाल्देमार यांच्यात असाच तंटा उभा राहिला. तो अकरा वर्षांनी, क्नूद मेजवानीत मारला गेल्यावर आणि स्वेन रणात पडल्यावरच मिटला. आपल्याकडे तो वस्त्रे देऊन-घेऊन मिटला, हे आपले सुदैव.

तथापि शिंदे घराण्यातील हा प्रश्न कायमचा सुटला नाही. १७९४ मध्ये महादजी वानवडीस निपुत्रिक वारले आणि दौलतरावांच्या काळात बायांचा तंटा पेटला. १८२७ मध्ये दत्तक, १८४३ मध्ये पुन्हा दत्तक. त्या वर्षाच्या २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांच्या फौजेला कंपनी सरकारशी लढावे लागले. उत्तराधिकाराचा कलह घरात राहिला नाही की शेजाऱ्याला दार उघडे सापडते, हा धडा या भूमीने रक्त देऊन घेतला आहे.

मग केदारजी आणि मानाजी यांची नावे आपल्या नामावळीत का येत नाहीत? कारण जो टिकला त्याचीच आठवण समाज ठेवतो. हरलेल्याची आठवण मात्र कागद ठेवतो, आणि कागद ठेवण्याचे काम ग्रंथालयाचे. बखरी, पत्रव्यवहार, वंशावळी एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय ही सात वर्षे दिसतच नाहीत.

संस्थेलाही वारसा लागतो, बंधुभगिनींनो. शंभर वर्षे झालेल्या या ग्रंथालयाची वस्त्रे पुढच्या पिढीला वेळेवर आणि एकमताने मिळोत. आपल्या कपाटांतल्या कागदांत कोणाचेही नाव गहाळ न होवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.