आकाशातून जमिनीचे मोजमाप



११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हादरलेला हा कऱ्हाडचा मुलूख. भूकवचाची हालचाल उपग्रहांनी मोजण्यावर विचार करायला याहून उचित जागा कोणती? उपग्रह भूकंपाचा दिवस सांगत नाहीत, मग एवढा खर्च कशासाठी, असे आपल्याला नेहमी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात आहे. ७.८ तीव्रतेच्या त्या धक्क्यात मुख्य भ्रंशाची भेग जमिनीवर उमटलीच नाही. नुसते हिंडून तिचा माग लागला नसता. सेंटिनेल-१ उपग्रहाने आधी आणि नंतर घेतलेल्या रडार प्रतिमा ताडून पाहिल्या, तेव्हा रंगांची वलये दिसली. एका वलयाचा अर्थ, जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा उलट पावणेतीन सेंटिमीटर सरकली. अशा मोजणीतून कळले की काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर उचलला गेला, पण दक्षिणेकडचा उथळ भ्रंश सुटलाच नाही. जीपीएसच्या नोंदींप्रमाणे तिथे दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर सरकण्याइतका ताण साठतो आहे. तारीख हाती आली नाही. घरे कुठे अधिक भक्कम बांधायची, हे मात्र कळले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दख्खनच्या पठारात अंतर्गत हालचाल इतकी मंद, की ती मापनाच्या चुकीतच हरवते. त्यात सह्याद्रीचे रान आणि पावसाळी हवेतील बाष्प रडारला चकवतात. हे मान्य. पण १९९३ पूर्वीच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते आणि १९९३ च्या भूकंपात तिथे हजारो माणसे गाडली गेली, हे कसे विसरायचे? जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर झाडोऱ्यातून बरीच खाली पोचते आणि तो उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहते. तरीही मंद हालचालीवर खरा इलाज एकच: एका जागेची वर्षानुवर्षांची अखंड नोंद. प्रकल्पाची मुदत संपली म्हणून जीपीएस केंद्र बंद पडले, तर आधीच्या नोंदींचेही मोल घटते. म्हणून कोयना-वारणा आणि लातूर-धाराशिव परिसरात जीपीएस केंद्रे कायमस्वरूपी चालावीत व त्यांच्या नोंदी सर्व अभ्यासकांना खुल्या असाव्यात, असा ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीची आपणांस आग्रहाची विनंती आहे.