देव्हाऱ्यातला राणीछाप
(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेब म्हणाले, "काका, दूध आटेपर्यंत बोला, पण बँकेचं नको." म्हणून नाण्यांवर बोलतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लक्ष्मीपूजनाला मांडायचे चांदीचे दोन-चार रुपये असतील. आमच्या आईकडे अकरा होते, लाल कापडाच्या पुरचुंडीत. मुलीच्या लग्नात त्यातले सहा मी इतवारी सराफ्यात नेले आणि त्यांचे पैंजण करून घेतले. हा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा; बारा भागांत अकरा भाग चांदी. उगाच नाही आपली जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणायची. सोनारानं सहा तोळे धरले. मी बँकेचा माणूस, हिशेब बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं. नाण्यांकडे पाहिलंच नाही.

निवृत्तीनंतर एका स्नेह्यानं हातात भिंग दिलं आणि उरलेल्या पाचांतला 1862 चा रुपया दाखवून म्हणाला, "सनाच्या खाली पाहा." बारीक ठिपके होते. मला वाटलं, मळ आहे. तो मळ नव्हता. 1862 नंतर दहाएक वर्षं रुपयावर सन तोच राहिला. दरवर्षीचा सन 1874 पासून येऊ लागला. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीत ठशावर ठिपके देऊन वर्ष ओळखायची सोय केली होती. म्हणजे दिसायला सगळे 1862 चे, पण एक या वर्षीचा आणि दुसरा त्या वर्षीचा! काही ठिपक्यांचे रुपये सहज मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं फिरतात.

हे होतं कसं, तेही सांगतो. आपल्या नागपूरकर भोसल्यांचा रुपया हातानं पाडलेला. त्यावर फारसीत अहमदशहा बादशहाचं नाव. ठसा मोठा, चांदीचा तुकडा लहान. घण बसला की जेवढं उमटेल तेवढं. त्यामुळे दोन रुपये सारखे नसतातच. पुढे 1835 च्या कायद्यानं कंपनी सरकारचा एकसारखा रुपया आला, यंत्रावरचा, म्हणून 'कलदार'. आपल्याला वाटतं, यंत्र म्हणजे सगळं सारखं. पण ठसा झिजतो, तडकतो, नवा करावा लागतो, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा तीन टांकसाळी. 1840 चा रुपया घ्या. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग आहेत की चेहऱ्याच्या दोन बाजूंना तुटलेली? मागच्या पानांच्या माळेत बोरं किती? 28 की पस्तिशीच्या घरात? माझी नात म्हणते, आजोबा चष्म्यावर भिंग लावून बोरं मोजतात. मोजतो बाबा! नंतरच्या रुपयांवर मुंबईचा 'बी' कुठे उठावाचा, कुठे आत कोरलेला. तोही पाहावा लागतो.

1911 ची गोष्ट तर मजेदार. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता, पण सोंड अशी आखूड दिसली की लोक म्हणाले, हे तर डुक्कर! बोभाटा झाला, आणि 1912 च्या ठशात हत्ती नीट करून घेतला. त्या एका वर्षाच्या रुपयाला अजूनही 'डुक्कर रुपया'च म्हणतात.

आता खर्चाचं विचारू नका, सौ. समोर बसल्या आहेत. 1939 च्या रुपयाच्या मात्र कुणी नादी लागू नका. तो दुर्मिळ आहे म्हणूनच खोटेही खूप. मीही एकदा फसलो आहे. तो खोटा रुपया मी जपून ठेवला आहे, कुणाला पाहायचा असेल तर.

ज्यांना जास्त पाहायचं असेल त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात जावं. 1863 पासूनचं संग्रहालय आहे. बेसातून ऑटोला जेवढे लागतील तेवढ्यात अख्खी दुपार मार्गी लागते.

लेकीचे पैंजण अजून तिच्याकडे आहेत. मागच्या दिवाळीला तिनं ते घातले होते. ती म्हणाली, "बाबा, असे काय पाहता?" मी म्हटलं, काही नाही. त्या सहांवर सन कुठले होते, हे मी आठवून पाहिलं. एकही आठवला नाही.

तर दिवाळीच्या आत आपापली पुरचुंडी घेऊन माझ्याकडे या. भिंग मी देतो, चहा सौ. देतील. फक्त येण्याआधी रुपये चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, वहिनी. त्यानं ठिपके झिजतात.

दूध झालं वाटतं.